निळ्या कोटातली सेक्रेटरी

मी युनियनची सेक्रेटरी झाले ती अकलेमुळे नव्हे, घशामुळे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणाचा अपेक्षाभंग व्हायला नको.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. एका बाजूला धुण्याचे मोठाले ड्रम फिरत असतात, दुसऱ्या बाजूला पिळायचं यंत्र विमान उडाल्यासारखं ओरडत असतं, आणि मधोमध वाफेचा रोलर फुसफुसत चादरींना इस्त्री करत असतो. तिथे "जरा सरक गं" म्हणायचं तरी भांडायला उठल्यासारखं म्हणावं लागतं. त्यात माझा आवाज म्हणजे सगळ्यांवर कडी. लाँड्रीत मला भोंगा म्हणायचे. घरीही म्हणायचे, पण माझ्या मागे. शेजारचे आजोबा गेले तेव्हा मी त्यांच्या सुनेच्या कानाशी लागून, अगदी हळू, "फार वाईट झालं गं" म्हणाले, तर समोरच्या इमारतीतून कोणीतरी खिडकी उघडून "काय झालं?" म्हणून विचारलं.

तर त्या वर्षी युनियनच्या सभेत माइक बंद पडला. बॉयलरदादा बोलत होते. बॉयलर सांभाळायचे म्हणून बॉयलरदादा. आमचे अध्यक्ष, वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठे. त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मी मागून ओरडले, "दादा, ऐकू येत नाही!" त्या हॉलमध्ये माइकशिवाय इतकं स्वच्छ वाक्य आधी कोणी ऐकलं नसावं. सगळ्या माना मागे वळल्या. जुन्या सेक्रेटरीबाई निवृत्त झालेल्या, जागा रिकामी, आणि चहा थंड होत चाललेला. दादा म्हणाले, "हिलाच करा." टाळ्या पडल्या आणि सगळे चहाकडे धावले. माझी निवडणूक ती एवढीच.

घरी येऊन सांगितलं. आमचे हे पुस्तकांची बांधणी करतात. दिवसभर खळ, दोरा आणि पुठ्ठा यांच्या संगतीत माणसांशी बोलायचं त्यांचं राहूनच जातं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सेक्रेटरीला काय करावं लागतं?"

"लोकांच्या वतीनं बोलायचं."

"मग जमेल," हे म्हणाले. "आजवर न विचारता बोलत होतीस, आता विचारून बोल."

पहिली काही वर्षं बरी गेली. हातमोजे मिळवले, हात धुवायला वेगळा साबण मिळवला. माझ्या कारकिर्दीतला मोठा विजय म्हणजे घडीच्या खोलीतला दुसरा पंखा. तो लावला त्या दिवशी मी फीत कापायचीच बाकी ठेवली होती. पंखा सुरू केल्याबरोबर घड्या घातलेले उशांचे अभ्रे खोलीभर उडाले, तेव्हापासून तो बंदच असायचा. पण मागणी मान्य झाली होती, हे कोणी नाकारू शकत नव्हतं.

घडीच्या खोलीत माझी जोडीदारीण होती मौनी. चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ओढून ताणायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. एवढी वर्षं आम्ही दिवसभर एकमेकींकडे चालत येत होतो आणि लांब जात होतो. नवऱ्याचा चेहरा पाहिला नसेल इतका मी तिचा पाहिलाय. आणि ती? दिवसभरात "ओढ" आणि "सोड", एवढंच. बाकीचं सगळं मी बोलायची.

एका सकाळी हजेरीच्या घड्याळाशेजारी नोटीस लागली. निम्म्यांकडे चष्मे नव्हते, म्हणून मी मोठ्यानं वाचली. शहरातल्या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांच्या लाँड्र्या टप्प्याटप्प्यानं बंद होणार. त्यांच्या जागी शहराबाहेर एकच मोठं केंद्र, सगळी नवी यंत्रं. आणि कामगारांची "दर्जोन्नती". म्हणजे आजपर्यंतचे धुलाई कामगार यापुढे "वस्त्रस्वच्छता तंत्र सहायक" होणार, प्रशिक्षण आणि चाचणी पार केल्यावर.

वाचता वाचता ते नाव माझ्या जिभेला गोड लागलं, हे खोटं कशाला बोलू? मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा ठसक्यात.

मौनी माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "म्हणजे आत्तापर्यंत आपला दर्जा काय होता?"

दादा बॉयलरच्या खोलीतून हात पुसत आले, त्यांनी नोटीस बघितली आणि म्हणाले, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." मग एकदम सगळे बोलायला लागले. तिथे किती जण घेणार? चाचणीत नापास झालं तर? पन्नाशी उलटलेल्यांनी आता काय परीक्षा द्यायच्या? इतक्या लांब रोज जायचं कसं? मी म्हटलं, "शांत व्हा, शांत व्हा!" आणि तेवढ्यानं वॉर्डातली एक नर्स बघायला आली, कुठे आग तर लागली नाही ना.

त्या संध्याकाळी सभा झाली. कोणी म्हणालं, संप करू. दादांनी नुसतं विचारलं, "संप केला तर चादरी कोणाच्या अडतील? आधीच तापानं फणफणलेल्यांच्या." संपाचं तिथेच विझलं. ठरलं ते एवढंच, की आमच्याशी बोलल्याशिवाय एकही ड्रम बंद करू देणार नाही. शिष्टमंडळ म्हणून दादांनी आणि मी जायचं. ऐन दिवशी नेमकी बॉयलरची तपासणी निघाली. दादा म्हणाले, "तू हो पुढे. फक्त ऐकून ये. कबूल काही करू नकोस."

"दादा, मी काय लहान आहे का?" मी म्हटलं.

व्यवस्थापनाचे साहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. मी दारात दिसल्याबरोबर उठून उभे राहिले. "या मॅडम, बसा." लाँड्रीत बसायला आम्हाला उलटी बादली असते. ती खुर्ची अशी मऊ, की मी टेकले आणि निम्मी आत गेले. चहा आला, तोही बशीसकट. मी तयारी करून गेले होते. पहिलं वाक्य होतं, "आमच्या संयमाचा अंत पाहू नका." पण बशी हातात धरून ते वाक्य म्हणता येईना. बशी वाजते.

साहेबांनी विचारलं, "तुमच्या इतक्या वर्षांच्या अनुभवावरून तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. घरी मी न विचारता सांगते, तो भाग वेगळा. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणतात ना, साहेबांना चढवायचेही कष्ट पडले नाहीत. त्यांनी झाड दाखवलं, मीच तुरुतुरु वर गेले. सोडा कुठला चांगला, अभ्रे आधी का धुवावेत, सगळं सांगत बसले. साहेब मान डोलवत होते. मग म्हणाले, "चला ना, तुम्हाला नवीन केंद्र दाखवतो." आणि गाडीतून घेऊन गेले. पुढच्या सीटवर बसवलं.

केंद्र अजून सुरू व्हायचं होतं. फरशी अशी लख्ख, की मी चप्पल बाहेर काढायला वाकले. एक यंत्र होतं, त्याच्या दोन चिमट्यांत चादरीची दोन टोकं दिली की ते ती गपकन आत ओढायचं आणि पलीकडून इस्त्री करून, घडी घालून बाहेर सरकवायचं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मौनीची आठवण यायला हवी होती. आली नाही.

भिंतीवर निळे कोट टांगले होते. साहेब म्हणाले, "हा नवा गणवेश. बघा हवं तर, माप बरोबर येतं का." आता माप बघायला काय हरकत आहे? मापानं काही कबूल होत नाही. मी घातला. कॉलर होती, वरच्या खिशात पेनासाठी वेगळी फट होती. आरशाची सोय नव्हती, म्हणून मी यंत्राच्या झाकणात बघितलं. मला एकदम डॉक्टरीण झाल्यासारखं वाटलं. "छान आहे हो!" मी म्हणाले. रिकामा हॉल, उंच छत. माझा आवाज भिंतींवर आपटून परत आला. "छान आहे हो... छान आहे हो..." तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "मॅडम, इकडे बघा." मी बघितलं आणि हसले. साहेबांनी हात पुढे केला, मी हातात हात दिला. फोटो.

परत आल्यावर मी सगळ्यांना यंत्राचं वर्णन करून सांगितलं. कोटाचं तेवढं सांगायचं राहिलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी हजेरीच्या घड्याळापाशी गर्दी दिसली. मी नेहमीसारखी कोपरं मारत पुढे गेले, "सरका, मी वाचते." वाचायचं फारसं नव्हतंच. नोटिशीच्या जागी माझा फोटो होता, वहीच्या पानाएवढा, रंगीत. निळा कोट, सगळे दात, साहेबांचा हात. खाली छापलं होतं, "कामगार संघटनेकडून दर्जोन्नतीचे उत्साहात स्वागत."

लग्नातसुद्धा माझा एवढा चांगला फोटो आला नव्हता. ही माझी पहिली प्रतिक्रिया होती, आणि ती मी मनात ठेवली हे देवाचे उपकार. मागे वळले तर गर्दी पांगलेली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी उलट ओरडून जिंकले असते. पण कोणी काही बोललंच नाही. माझ्यासारख्या बाईला यापरता मार नाही.

घडीच्या खोलीत गेले. मौनी आमच्या जागेवर नव्हती. ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उशांचे अभ्रे घेऊन बसली होती. अभ्र्याला एकच माणूस पुरतं. मी म्हटलं, "अगं, चादरी पडल्यात." तिनं मान वर केली नाही. मग मी एकटीनं सुरुवात केली. दोन टोकं हातात, मधली कड हनुवटीखाली, उरलेलं टेबलावर. टेबलावरून चादर घसरायची, जमिनीला लागायची, की गेली परत धुवायला. दुपारपर्यंत मी जेवढ्या घड्या घातल्या त्यापेक्षा जास्त चादरी मळवल्या. ड्रमवरचा माणूस शेवटी येऊन म्हणाला, "सेक्रेटरीबाई, दर्जा राहू द्या, आम्हाला दुसरंही काम आहे."

घरी मुलीनं तो फोटो तिच्या मोबाइलवर आधीच बघितला होता. कोणाकोणाकडून फिरत आला होता. "आई, निळा रंग तुला खुलून दिसतो," ती म्हणाली. मी रडायलाच लागले. रडते तेव्हाही माझा आवाज काही कमी होत नाही. हे खळीचा ब्रश बाजूला ठेवून आले, दार लावून घेतलं, आणि माझ्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "कोट परत दिलास ना?"

"दिला की."

"मग अजून वेळ गेलेली नाही."

तातडीची सभा बोलावली गेली. दादांनी मुख्य युनियनच्या वकिलांना विचारून आणलं होतं, ते त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. सहायक हा दर्जा देखरेखीच्या कामात मोडतो. आणि देखरेखीच्या माणसांना आमच्या युनियनचा करार लागू नाही. म्हणजे जो वर चढला तो युनियनच्या बाहेर. आणि ज्याला चढायचं नाही, त्याच्यासाठी नव्या केंद्रात जागाच नाही. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, ती मेंढी कोण हे दादांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. हे सगळं ज्यात छापलं होतं तो कागद साहेबांनी मला केंद्रातून निघतानाच दिला होता, माझ्या पिशवीत आधीपासून होता. मी त्याचं पहिलं पान वाचलं होतं. पहिल्या पानावर माझं नवं पद होतं.

रोलरवालीनं ठराव मांडला, की सेक्रेटरीला पदावरून काढावं. दादा म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. मीही केला. त्या गर्दीत आपलाच एक हात खाली ठेवणं मला बरं वाटेना. ठराव एकमतानं मंजूर.

"आता नवी सेक्रेटरी," दादा म्हणाले. "नावं सुचवा."

रोलरवालीनं आपला गुडघा चोळायला घेतला. ड्रमवाल्याच्या मुलाची परीक्षा होती. कोणाची सासू आजारी, कोणाला घसाच नाही. साहेबांच्या ऑफिसात जाऊन बोलायचं म्हटल्यावर आत्ताच वर गेलेला प्रत्येक हात मांडीखाली गेला. दादा वाट बघत राहिले. मग त्यांनी उसासा टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दगडापेक्षा वीट मऊ. काय?"

मी पुन्हा एकमतानं निवडून आले. टाळ्या या वेळी पडल्या नाहीत.

तेव्हा मौनी उभी राहिली. सभेत ती उभी राहिल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं. "माझी अट आहे," ती म्हणाली. "बोलणी असतील तेव्हा मी हिच्याबरोबर जाणार." बसता बसता तिनं आणखी एक जोडलं, "आणि हिनं कपडे बघायचे नाहीत."

हॉल हसला. मीही हसले, जरा उशिरा.

दुसऱ्या बैठकीची तयारी आम्ही घडीच्या खोलीत केली. मौनी परत माझ्यासमोर चादरीची टोकं धरून उभी होती, ती शिकवत होती आणि मी ऐकत होते. जगाची उलथापालथ म्हणतात ती हीच. ठरलं असं: दोघी शेजारी शेजारी बसायचं, माझ्या ऍप्रनची मागची नाडी तिच्या हातात. एकदा ओढली की थांबायचं. दोनदा ओढली की आधीच वाया गेलंय, निदान आता तरी थांबायचं.

"आणि बोलायचं कधी?" मी विचारलं.

"मी विचारीन," ती म्हणाली. "विचारलं की तू गप्प बसायचं. तो बोलेपर्यंत."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तरी."

साहेबांनी पुन्हा उठून स्वागत केलं. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा बशी. साहेब म्हणाले, "मॅडम, फोटो फार सुंदर आला हं." मी म्हटलं, "हो ना, त्या कॉलरमुळे..." नाडी ओढली गेली. साहेबांनी हवापाण्याचं विचारलं. मी सोड्याबद्दल काहीतरी सुरू केलं. नाडी. साहेबांनी मुलीचं शिक्षण विचारलं. दोनदा नाडी.

मग मौनीनं कप खाली ठेवला. "साहेब, दर्जा वाढला की आम्ही युनियनबाहेर जातो का?"

"तांत्रिकदृष्ट्या तसं होतं," साहेब म्हणाले. "पण त्यात तुमचंच..."

"आणि ज्यांना वाढ नको, ते कुठे जाणार?"

साहेब गप्प झाले. मौनी गप्प झाली. आणि मलाही गप्प बसायचं होतं.

आयुष्यात मी जड गाठोडी उचलली आहेत, कढत वाफेत उभी राहिले आहे, दोन बाळंतपणं काढली आहेत. त्या खोलीतल्या शांततेएवढं कष्टाचं काम मी केलेलं नाही. माझी जीभ ड्रममध्ये अडकलेल्या मोज्यासारखी गरगर फिरत होती. समोर माणूस अडचणीत दिसला की त्याला वाक्य सुचवायची मला सवय. "असू दे हो साहेब, बघू पुढे," हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. मौनीला ते कळलं असणार, कारण नाडी सारखी ओढली जात होती. इतकी, की गाठ सुटली आणि ऍप्रन घसरत माझ्या मांडीवर, मांडीवरून जमिनीवर गेला. उचलायला वाकले तर तोंड उघडेल, या भीतीनं मी तशीच ताठ बसून राहिले. साहेबांनी ऍप्रनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना काय वाटलं देव जाणे. मला आजही शंका आहे, की बाई आता चिडून कपडे काढणार असं वाटून ते घाबरले.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले. "ज्यांना नको असेल त्यांना आहे त्या दर्जात तिकडे घेता येईल का, ते मी वर विचारतो."

आम्ही गप्प.

"आणि युनियनचंही... म्हणजे, तेही विचारतो."

"तसं लिहून द्याल?" मौनी म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं. बाहेर जिन्यात आल्यावर मौनी मला म्हणाली, "छान बोललीस."

एका बैठकीनं असं सगळं होत नाही, हे मी जाणते. त्यानंतर वर, त्याच्या वर, आणि त्याच्याही वरच्यांशी बोलणी झाली. नर्सांच्या युनियननं आम्हाला पाठिंब्याचं पत्र दिलं. मुख्य युनियनचे वकील आले. आम्ही जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या फाटकाशी फलक धरून उभे राहायचो. मला घोषणा द्यायला ठेवलं होतं, पण पेशंटची झोपमोड होते अशी तक्रार आल्यावर मलाही नुसता फलक दिला.

आणि एवढं करूनही लाँड्री बंद झालीच. ते आम्हाला थांबवता आलं नाही. मिळालं ते असं: कोणाला काढायचं नाही, दर्जा वाढवून घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर, शिकवायचं ते कामाच्या वेळात, आणि दर्जा वाढला तरी युनियन सुटणार नाही. सभेत हे वाचून दाखवलं तेव्हा या वेळी टाळ्या पडल्या. पण तीन लाँड्र्यांतली सगळ्यांत लहान, नदीपलीकडची, करार व्हायच्या आधीच बंद झाली होती. तिथल्या काही बायकांनी हातात पडेल ते घेऊन काम सोडलं होतं. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो तोवर त्यांचे ड्रम थंड पडले होते. माझा तो फोटो त्यांच्याही भिंतीवर लागला होता, आणि तो बघून त्यातल्या दोघी-तिघींना वाटलं होतं, की युनियननंच मान्य केलंय तर आपण कशाला भांडा. बाकी सगळ्यावर मला हसू येतं. यावर येत नाही.

नव्या केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं. यंत्राला आता बटणं नव्हती, काचेचा पडदा होता, त्यावर बोट ठेवायचं. शिकवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, बोट ठेवा." मी म्हटलं, "ठेवलंय." तो म्हणाला, "नीट ठेवा." मी दाबलं, घासलं, आपटलं. सोड्यानं आणि गरम चादरींनी माझ्या बोटांचा सगळा पोत गेलाय. त्या काचेच्या हिशेबी तिथे कोणी माणूसच नव्हतं. काय लिहिलंय ते बघायला वाकले तर नाक लागलं, आणि पडदा झटक्यात उघडला. मग पूर्ण आठवडा मी नाकानं शिकले. नव्या केंद्रातली युनियनची पहिली मागणी तीच होती: ज्यांचं बोट पडदा ओळखत नाही अशा कामगारांना पडद्याचं पेन मिळावं. मिळालं. अर्ध्या लाँड्रीला ते लागत होतं, पण लाजेनं कोणी बोललं नव्हतं.

चाचणी दिली. पेनासकट नापास झाले. दुसऱ्यांदा दिली, दुसऱ्यांदाही झाले. म्हणजे आहे त्या दर्जात राहण्याची जी सोय आम्ही भांडून मिळवली, तिचा पहिला लाभ मलाच झाला. ती होती ज्यांना बढती नको त्यांच्यासाठी. मला तर हवी होती.

मौनी पहिल्या फटक्यात पास झाली. ती आता वस्त्रस्वच्छता तंत्र सहायक आहे आणि माझ्या पाळीवर देखरेख करते. तिला कोट लांब होतो, बाह्या दुमडून घालते. मी काही चुकले तर ती ओरडत नाही, नुसती येऊन माझ्याशेजारी उभी राहते. मुलीला मी म्हटलं, "बघ, मी जिला एवढी वर्षं बोलून बोलून शिकवलं ती आज माझी साहेब झाली." मुलगी म्हणाली, "तू शिकवलंस म्हणून, की तू बोलत असताना ती कामाकडे बघत होती म्हणून?" बापावर गेलीय.

बॉयलरदादा मात्र आले नाहीत. तिथली वाफ गॅसवर आपोआप होते, बॉयलरपाशी माणूस लागतच नाही. त्यांना दुसरं काम देऊ केलं होतं, गोदामात. दादा म्हणाले, "आग सांभाळलेल्या माणसाला गाठोडी मोजायला लावू नका," आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली. करारात त्यांच्यासाठी काही घालायला हवं होतं, हे आमच्यापैकी कोणालाच वेळेवर सुचलं नाही. त्यांनीही सुचवलं नाही.

मधे मी आणि मौनी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच तक्रार केली, की हे अजून पहाटे उठतात आणि सगळ्या घराला उठवतात. दादा गॅलरीत बसले होते, अंगावर घरातला सदरा, हात स्वच्छ. त्यांचे हात इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते. केंद्राचं सगळं विचारलं. कोण कसं आहे, पाळ्या कशा लावतात. मग म्हणाले, "तिथे वाफेचा दाब किती ठेवतात गं?"

मला माहीत नव्हतं. मौनीलाही नव्हतं. आम्हाला बघायला काटाच ठेवलेला नाही.

"असं होय," दादा म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला.

सध्या आमचं बसचं चाललंय. पहिली पाळी सुटते आणि शहराकडची बस फाटकातून निघते ती एकाच वेळी. आम्ही कपडे बदलून धावत येईतो ती वळणावर पोचलेली असते. मग पुढच्या बसपर्यंत उन्हात उभं राहायचं, तिथे धड आडोसाही नाही. युनियननं बस खात्याकडे बैठक मागितली आहे. ते म्हणतात, वेळापत्रक बदलता येत नाही. केंद्राचे साहेब म्हणतात, पाळी बदलता येत नाही. मौनी म्हणते, दोघांना एकाच खोलीत बसवू. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.